दुवा का दिला? पान वाचून ओळखावं की देणाऱ्यालाच विचारावं?

विद्यापीठांच्या संकेतस्थळांमधल्या दुव्यांवर ग्रंथालयशास्त्रातला एम.लिब.चा प्रकल्प किंवा पीएच.डी. करायची ठरली की पहिला पेच पद्धतीचा पडतो. दुवा असलेलं पान वाचून कारण ताडायचं, की ज्याने तो टाकला त्यालाच गाठायचं? दोन्ही वाटांनी चांगलं काम झालं आहे. हाती येतं ते मात्र वेगवेगळं.

वाचनाच्या वाटेवरचं नमुनेदार काम ब्रिटनमधलं. विल्किन्सन, थेलवॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश विद्यापीठांमधले ४१४ दुवे यादृच्छिक निवडून तपासले; निष्कर्ष २००३ साली आले. नव्वद टक्क्यांहून अधिक दुव्यांमागे अध्यापन-संशोधनाशी जोडलेलं काहीतरी कारण होतं, पण नियतकालिकातल्या संदर्भाच्या तोडीचे दुवे निघाले अवघे दोन. त्यामुळे दुवे मोजले म्हणजे उद्धरणं मोजल्यासारखंच, असं म्हणायची सोय उरली नाही.

दुसऱ्या वाटेवर किम यांचं २००० सालचं काम आहे. विषय थोडा वेगळा: इलेक्ट्रॉनिक शोधलेखांमधले दुवे. इंडियाना विद्यापीठातल्या १५ लेखकांच्या मुलाखतींतून १९ हेतू पुढे आले, काही अभ्यासविषयक, काही सामाजिक, काही तांत्रिक. पंधरा जणांवरून टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. पण सामाजिक हेतू पानावर लिहिलेला नसतो, तो विचारल्यावरच कळतो.

समजा, भूगोल विभागाच्या पानाच्या डाव्या पट्टीत दुसऱ्या विद्यापीठाच्या नकाशासंग्रहाचा दुवा आहे. वाचणारा त्यापुढे ‘अध्यापन’ लिहून मोकळा होईल. विभागात विचारलं तर कळेल की जुन्या साच्यातून तो तसाच आला आणि कुणी काढला नाही. पान दुव्याचं काम सांगतं, हेतू सांगेलच असं नाही. उलट बाजूही आहे: सहा वर्षांपूर्वीचा दुवा का दिला हे लेखकालाही आठवत नाही, मग तो शोभेलसं कारण जुळवून सांगतो.

खर्चाचं म्हणाल तर, चूक ±५ टक्क्यांच्या आत ठेवायची तर साधारण ३८५ दुवे लागतात. दुव्याला चार मिनिटं धरली तरी एका वाचकाचे २५ तासांहून जास्त गेले, आणि वाचक दोन हवेत. आधी ५० दुवे दोघांनी स्वतंत्रपणे कारणांच्या वर्गांत घालून कोहेनचा ‘कॅपा’ काढावा, म्हणजे दोघांचं वर्गीकरण किती जुळतं याचा आकडा. तो ०.६ च्या खाली असेल तर बहुधा वर्गांच्या व्याख्याच ढिल्या आहेत. वाचकांना दोष देऊ नये.

खरा घोळ नमुना निवडताना होतो. तळपट्टीतला एकच दुवा ३,००० पानांवर उमटतो आणि सरसकट मोजला तर सगळा नमुना गिळतो. म्हणून एका संकेतस्थळावरून एकाच लक्ष्यपानाकडे जाणारे सगळे दुवे एकच धरावेत. याहूची दुवे शोधायची सोय २०११ मध्ये बंद झाली, तेव्हा आता स्वतःचा क्रॉलर (पानं आपोआप उतरवणारा प्रोग्राम) चालवा किंवा कॉमन क्रॉल या खुल्या प्रकल्पाने जमवलेला पानांचा साठा घ्या. ब्रिटनमध्ये पत्त्याच्या शेवटी ‘एसी डॉट यूके’ आहे का, एवढी गाळणी पुरते. आपल्याकडे पुरत नाही: महाराष्ट्रातली कितीतरी महाविद्यालयं ‘एसी डॉट इन’बाहेर आहेत, त्यामुळे यादी हातानेच करावी लागते. आणि पान उतरवलं त्याच दिवशी त्याची प्रत जपून ठेवा, दोन महिन्यांनी ते जागेवर असेलच असं नाही.

मुलाखतीत अडचण वेगळीच येते. संकेतस्थळ बाहेरच्या कंत्राटदाराने बांधलेलं असतं आणि दुवा टाकणारी व्यक्तीच सापडत नाही. यूजीसी, नॅक, शोधगंगा (पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) यांचे दुवे तर बहुतेकदा रिवाज म्हणूनच असतात. त्यांचा वर्ग आधीच वेगळा काढला तर पुष्कळ वेळ वाचतो.

कोणत्या विद्यापीठांचा कोणाशी कशासाठी संबंध आहे, असा प्रश्न असेल तर वाचन निवडा. माणसं दुवे का देतात हाच प्रश्न असेल तर मुलाखतीला पर्याय नाही. वेळ असल्यास आमचा कल मिश्र मार्गाकडे: ४०० दुवे वाचावेत आणि दोन वाचकांचं जिथे जमलं नाही त्यांतले पंधरा-वीस घेऊन दुवा देणाऱ्यांकडे जावं. पानाची छापील प्रत समोर ठेवावी. ‘का दिला’ असं विचारलं की लोक सावध होतात. ‘हा दुवा उद्या काढला तर कुणाची तक्रार येईल?’ असं विचारा.