सोलापूरच्या उन्हात समुद्र रंगवताना: कॉटन पेपर, आठ महिने वापरल्यानंतर

दिवाळीच्या सुट्टीत परुळ्यावरून भोगव्याला गेलो होतो. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या टोकाकडं चालत निघालं की माणसं मागं राहतात. सुरूची झाडं, ओली वाळू, बास. चाळीसेक फोटो काढले आणि घरी आल्यावर ठरवलं, हे जलरंगात उतरवायचंच. त्यासाठी ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), १०० टक्के कॉटनचा, कोल्ड प्रेस (थोडा खडबडीत) ब्लॉक घेतला; ब्लॉक म्हणजे कडेनं चिकटवलेला, न ताणता वापरता येणारा कागदांचा गठ्ठा. ११ बाय १५ इंच, २० पानं. एका पानाला दहा-बारा चहांचे पैसे पडतात. बायकोला पूर्ण आकडा अजून सांगितलेला नाही.

आधी साधा सेल्युलोज (लाकडाच्या लगद्याचा) कागद वापरायचो. थंडीत तो चालून जातो. पण मार्च लागला की इथली हवा इतकी कोरडी होते, की आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) निम्म्यावर येईतो वरचा भाग वाळायला लागलेला असतो. मग खालचं पाणी वर चढतं आणि नेमका ढगांत कॉलीफ्लॉवर (फुलकोबीसारखा दातेरी डाग) उमलतो. असंच एक चित्र बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "हिप्परग्याचं तळं हाय का हे?"

कॉटनमध्ये पाणी आत मुरतं, त्यामुळं वेळ मिळतो. खरं तर मी पैसे त्या वेळेचेच मोजले. एप्रिलच्या एका दुपारी घड्याळ लावून बघितलं: सेल्युलोजवरची चमक दोन मिनिटांत गेली, यावरची पाचेक मिनिटं टिकली. तीन मिनिटं म्हणजे काही फार नाहीत, पण ओली वाळू त्यातच होते.

ती अशी. पान ब्लॉकवरून सोडवायचं, दोन्ही बाजूंनी भिजवायचं आणि अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर चिकटवून ठेवायचं. (मग ब्लॉक कशाला घेतला? बरोबर आहे. पुढच्या वेळी सुटे कागदच घेणार.) आधी पातळ रॉ सिएना (मातकट पिवळा रंग). ती ओली असतानाच अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून केलेला करडा रंग लाटेच्या कडेपासून खाली सोडायचा, बोर्ड थोडा कलता धरायचा आणि हात मागं घ्यायचा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वाळूचा रवाळपणा आपोआप येतो. वाळूत दिसणारं आकाशही त्याच ओलीत. फेसाची कड मात्र कोरडी, पांढरी सोडायची.

फेसासाठी मास्किंग फ्लुइडही (रंग लागू नये म्हणून लावायचं आणि नंतर सोलून काढायचं रबरी द्रव) लावून बघितलं. लावलं आणि तीन दिवस विसरलो. मे महिना, पत्र्याची खोली. काढताना कागदाचा वरचा थरच सोबत आला. चूक माझीच.

दुसऱ्या ब्लॉकची चूक मात्र माझी नव्हती. त्याचं साइझिंगच (पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून कागदाला केलेली प्रक्रिया) बिघडलेलं होतं. रंग टीपकागदावर पडल्यासारखे आत जायचे आणि आकाशात डाग उठायचे. दुकानदाराला फोटो पाठवले, तर म्हणाला, उघडलेला माल परत होत नाही. आता नवीन ब्लॉक आणला की आधी एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून बघतो. लगेच शोषला गेला तर त्यावर फक्त पेन्सिल.

आणखी एक अडचण. यावर रंग आत बसतो, म्हणून पुसून काढणं जड जातं. सेल्युलोजवर ओल्या ब्रशनं ढग मोकळे करता यायचे, इथं एकदा गेलेला निळा पूर्ण हटत नाही. नवशिक्यांनी पहिली पन्नास चित्रं स्वस्त कागदावरच करावीत.

उन्हाळ्यात पंखा बंद आणि कूलरचं तोंड भिंतीकडं, एवढं केलं तरी बराच फरक पडतो. कूलरची ओल खोलीत राहते आणि वारं थेट कागदावर येत नाही.

पहिल्या ब्लॉकची पाच पानं शिल्लक आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून उलटीच गंमत चाललीय: वॉश वाळतच नाही. परवा मुलीकडून हेअर ड्रायर मागून घेतला.