माणसांचा ग्लुकोमीटर, बोक्याचा कान

आधीच सांगते, हा रिव्ह्यू अॅक्यू-चेक इन्स्टंट या शुगर मोजायच्या मीटरचा आहे पण पेशंट माणूस नाहीये, आमचा मण्या आहे. नऊ वर्षांचा, न्यूटर केलेला, एकेकाळी साडेसहा किलोचा ऐदी बोका. मे महिन्यात डायबेटीस निघाला. पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा रिकामं, त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये ओल्या वाळूचे हे एवढाले गोळे, खातोय दुप्पट आणि तरी पाठीची हाडं हाताला लागतायत. आम्ही आपलं उन्हाळा आहे उन्हाळा आहे करत बसलो. मग मागचे पाय पार ढोपरापासून जमिनीला टेकवून सशासारखा चालायला लागला तेव्हा उचलला आणि फोंड्याहून पणजीला नेला.

तिथे शुगर 412. डॉक्टर म्हणाले यातली थोडी भीतीची असू शकते, मांजराची शुगर नुसत्या घाबरण्याने पण बरीच चढते, आणि आमचा तर बॉक्समध्ये बसून अख्खी वाट ओरडत आलेला. म्हणून फ्रुक्टोसामिनची टेस्ट केली, त्यात मागच्या एक-दोन आठवड्यांचा अंदाज येतो आणि घाबरल्याचा फरक पडत नाही. ती पण वाढलेलीच निघाली. मग लँटस नावाचं इन्सुलिन सुरू, एक युनिट सकाळी एक संध्याकाळी, बारा तासांच्या अंतराने, आणि घरी शुगर मोजायची.

सासूबाईंचा जुना मीटर घरात होता पण त्याला थेंब मोठा लागतो. माणसाचं बोट पिळता येतं, मांजराचा कान नाही ना पिळता येत. इन्स्टंटला 0.6 मायक्रोलिटर रक्त पुरतं, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षा पण बारीक ठिपका, आणि स्ट्रिपचं टोक थेंबाला लावलं की स्वतःच ओढून घेते. मांजरवाल्यांसाठी या मीटरची हीच एक गोष्ट लाखमोलाची. पहिल्या आठवड्यात तरीही अकरा स्ट्रिप्स वाया घालवल्या मी. सोबतचं टोचायचं पेन खटकन वाजतं आणि मण्या खाटेखाली, त्यामुळे पेन ड्रॉवरमध्ये टाकलं, नुसती सुई हातात धरून टोचते. जुन्या मोज्यात मूठभर उकडे तांदूळ भरून गाठ मारायची, मायक्रोवेव्हमध्ये थोडं गरम करून आधी आपल्या मनगटाला लावून बघायचं, मग कानाला मिनिटभर. कानावर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात, म्हणजे रक्त केसात न पसरता थेंब उभा राहतो. मागून कापसाचा बोळा धरायचा नाहीतर सुई कानाच्या आरपार आपल्याच बोटात जाते (अनुभव). मग लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आता तर पोदेराचा (पाववाल्याचा) पोंपों वाजला की हा स्वतःच टेबलावर चढून बसतो, कान द्यायला नव्हे, चिकनसाठी.

स्क्रीनच्या बाजूला हिरवा-लाल-निळा पट्टा आहे तो माणसांचा, मांजरासाठी बघूच नका. आणि माणसांचा मीटर मांजराची शुगर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतो, त्यांच्या रक्तात साखरेची वाटणी वेगळी असते म्हणून. तेव्हा कुठला मीटर वापरताय ते डॉक्टरांना सांगा, आणि एकच मीटर धरून राहा. मी मध्ये एकदा दोन्ही मीटरवर एकाच थेंबाने मोजून बघितलं आणि उगाच रात्रभर डोकं खराब करून घेतलं.

आता सिरिंजचं. हे मीटरबद्दल नाहीये पण यावरून माझे हातपाय गळाले होते म्हणून लिहितेय. लँटस 100 युनिटवाली, म्हणजे एका मिलीत 100 युनिट, तिला केशरी टोपीची सिरिंज. आपल्याकडे 40 युनिटवालं इन्सुलिन पण खूप चालतं, त्याची लाल टोपी. एका फार्मसीत मी इन्सुलिनची सिरिंज द्या म्हटलं, त्या पोराने न विचारता लाल टोपीची दिली आणि मी पण घेतली. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये लँटस एकच्या रेघेपर्यंत भरली की ती एक नाही, अडीच युनिट होते! नवऱ्याच्या लक्षात आलं म्हणून वाचलो, सुई भरून हातात होती माझ्या. आता मी टोपी बघितल्याशिवाय पैसे देत नाही, आणि अर्ध्या युनिटच्या खुणांची मिळाली तर तीच घेते.

मीटरचे पैसे कधी वसूल झाले सांगते. जुलैत एक दिवस दुपारी चार वाजता मण्या झोपाळू, चालताना मागून झोकांड्या. एरवी मी म्हटलं असतं पावसाने आळसावलाय. मोजली तर 58, म्हणजे फारच खाली. हिरड्यांना बोटाने मध चोळला, वेट फूड पुढे केलं, डॉक्टरांना फोन लावला, अर्ध्या तासाने परत मोजली तर 96. सकाळी अर्धवट खाऊन उठला होता आणि मी तसंच इंजेक्शन दिलं होतं, चूक माझीच. आता आधी खाणं, मग सुई, आणि नीट खाल्लं नाही तर आधी फोन.

तक्रारी आहेतच. स्ट्रिप्स महाग, पन्नासचा डबा हजाराच्या आसपास, आणि शुगरचा पूर्ण आलेख काढायचा म्हणजे दर दोन तासांनी बारा तास, एका दिवसात सात उडाल्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर डबीचं झाकण एक सेकंद उघडं ठेवू नका, दमट हवेने स्ट्रिप खराब होते. लाइट गेल्यावर मीटरला काही होत नाही, बॅटरीवर आहे. इन्सुलिनची मी पहिल्या पावसात फार धास्ती घेतली होती पण उघडलेली लँटस 30 डिग्रीच्या आत बाहेर राहिलेली चालते, बर्फाला चिकटवून गोठवली तर मात्र फेकायची. जीव जळतो तो 28 दिवसांच्या नियमाने, 300 युनिटच्या कार्ट्रिजमधली आमची छप्पन वापरून होतात आणि बाकीची कचऱ्यात.

खाण्यातून ड्राय फूड पूर्ण बंद केलं, बांगड्याबरोबर कालवलेला भात पण बंद, त्यात सगळा स्टार्चच. नुसता उकडलेला बांगडा काटे काढून चालतो पण रोज नाही, मुख्य जेवण कमी कार्बचं वेट फूड. गणेशचवथीला नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) डब्यापाशी बसला होता तो भाग वेगळा, आणि फटाक्यांच्या रात्री 340 आली, ती मी वहीत लिहिली आणि पुढे 'फटाके' असं लिहून सोडून दिली. गेल्या आठवड्यापासून सकाळची 130 ते 180 मध्ये आहे आणि परवा तो कधी नव्हे तो फ्रिजवर उडी मारून चढला.

चार स्टार. पाचवा स्ट्रिप्सच्या किमतीपायी कापला. सासूबाई आता रोज मण्याचा आकडा आधी विचारतात आणि त्यांचा त्याच्यापेक्षा जास्त आला की मीटर बिघडलाय म्हणतात.