पावणेनऊला सूर्योदय, दहाला फाटक: एडिनबराच्या बोटॅनिक गार्डनमधली गोठलेली सकाळ

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की फोटोवाले उजाडायच्या आत तिथे हजर असतात, कारण ऊन वर आलं की पांढरा थर बघता बघता नाहीसा होतो. तोच हिशेब मनात ठेवून एडिनबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनची वेळ पाहिली तर जावंसंच वाटणार नाही. फाटक सकाळी दहाला उघडतं. पण इथे तो हिशेब लागू पडत नाही. २१ डिसेंबरच्या आसपास इथे सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमाराला, आणि दहा वाजता तो क्षितिजापासून जेमतेम ६ अंश वर आलेला असतो. भर दुपारीही साडेदहा अंशांच्या पुढे जात नाही. लंडनच्या क्यू गार्डन्सचं फाटकही दहालाच उघडतं, पण तिथे त्या वेळी सूर्य साडेदहा अंशांवर पोचलेला असतो. म्हणजे एडिनबराची दुपार ती क्यूची सकाळ. शिवाय क्यूला तिकीट आहे, एडिनबराची बाग मोफत. गोठलेल्या दवाचे फोटो काढायला ब्रिटनमधली एकच बाग निवडायची असेल, तर हीच निवडावी.

बाग जुनी आहे, स्थापना १६७० ची. आता ती शहराच्या उत्तरेला इन्व्हर्लीथमध्ये सुमारे ७० एकरांवर पसरली आहे. प्रिन्सेस स्ट्रीटवरून चालत अर्धा तास. ८, २३ आणि २७ नंबरच्या बस पूर्वेकडच्या फाटकापाशी थांबतात. पुण्यातून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी: दापोडीच्या सरकारी बागेतल्या वनस्पतींची १८४७ ते १८५० या काळात एका भारतीय चित्रकाराने काढलेली चित्रं याच संस्थेच्या संग्रहात आहेत. चित्रकाराचं नाव कुठे नोंदलेलं नाही, पण पानांच्या शिरा त्याने किती निरखून पाहिल्या असतील ते त्या चित्रांत दिसतं.

दिवस निवडताना नुसता किमान तापमानाचा आकडा पाहून निघू नका. रात्रभर आभाळ मोकळं हवं, वारा जवळजवळ नको आणि हवेत दमटपणा भरपूर हवा. तिन्ही जुळलं तर हवामान खात्याचा अंदाज १ अंश असला तरी गवतावर फ्रॉस्ट, म्हणजे हिमकणांचा पांढरा थर, धरतो, कारण तो आकडा जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवरचा असतो आणि मोकळ्या आभाळाखाली जमीन त्याहून कितीतरी गार पडते. उलट, पारा उणे ४ वर गेला पण हवा कोरडी किंवा वारा वाहता राहिला, तर सकाळी बाग कडक गोठलेली आणि तरी साधीच दिसते. पांढरेपणा थंडीतून येत नाही, हवेतल्या बाष्पातून येतो. म्हणून लंडनहून येणाऱ्यांनी महिनाभर आधी तारीख ठरवू नये. दोन दिवस आधी अंदाज पाहून तिकीट महाग मिळालं तरी घ्यावं आणि रात्री एडिनबरातच मुक्काम करावा. किंग्ज क्रॉसहून रेल्वेला साडेचार तासांच्या आसपास लागतात, सकाळी निघून ही वेळ गाठता येत नाही.

डिसेंबर की जानेवारी, असं विचाराल तर जानेवारी. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून नाताळ संपेपर्यंत बागेत संध्याकाळी रोषणाईचा कार्यक्रम असतो, आणि त्याच्या वायरी, दिवे, खांब दिवसाही झाडांखाली तसेच असतात. रुंद दृश्य घेताना ते चौकटीत शिरतात. नंतर खोडून काढायला गेलं तर फ्रॉस्टचा पोतही जातो. जानेवारीत हे सगळं उतरलेलं असतं, सूर्य अजूनही खालीच असतो, आणि महिन्याच्या अखेरीला विच हेझल या झुडपाच्या पिवळ्या फुलांच्या दोऱ्यांसारख्या पाकळ्यांवर हिमकण मिळण्याची शक्यता असते. २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला बाग बंद असते. जोराचा वारा असेल तर इतर दिवशीही बंद ठेवतात, पण वाऱ्याच्या दिवशी फ्रॉस्ट नसतोच.

आत गेल्यावर क्रम महत्त्वाचा. जिथे ऊन आधी पोचतं तिथे आधी जा, सावलीतलं नंतरसाठी ठेवा. बहुतेक जण उलट करतात: फाटकाजवळ जे पहिलं सुंदर दिसेल तिथे पाऊण तास घालवतात आणि मोकळ्या हिरवळीवर पोचेपर्यंत तिथे नुसतं ओलं गवत उरतं. हिरवळीचे फोटो वाटेवरूनच काढा. गोठलेल्या गवतावर पाय पडला की पात्यांतल्या पेशी फुटतात, आणि त्या जागी बुटाचे तपकिरी ठसे आठवडेच्या आठवडे दिसत राहतात. ७०-२०० मिमीची लांब पल्ल्याची लेन्स असेल तर वाटेवर उभं राहूनच दवाच्या चादरीवर पडलेल्या खोडांच्या लांब निळ्या सावल्या छान मिळतात.

इन्व्हर्लीथ हाउससमोरच्या हिरवळीवरून दक्षिणेला किल्ल्यासकट सगळं शहर दिसतं. दहा वाजता सूर्य आग्नेय आणि दक्षिण यांच्या मधोमध असतो, म्हणून हे दृश्य जवळजवळ उलट्या उजेडात येतं: किल्ला धूसर, पुढच्या फांद्या काळ्या, त्यांच्या कडा चमकणाऱ्या. किल्ल्याचा दगड स्पष्ट हवा असेल तर ही वेळ नव्हे. पण धुक्याचा पदर शहरावर असेल तर पहिल्या पंधरा मिनिटांसाठी यापेक्षा चांगली जागा बागेत नाही.

तिथून ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांकडे वळा, आणि वेळ न दवडता वळा. या बागेचा ऱ्होडोडेंड्रॉनचा संग्रह जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी आहे. हिमालय आणि चीनमधून आलेल्या कितीतरी जाती इथे उघड्यावर वाढतात. पारा शून्याखाली उतरू लागला की यांची पानं आधी देठातून खाली लोंबतात, मग कडा खालच्या बाजूला वळत वळत पानाची सुरळी होते. कडक थंडीत ती विडीइतकी बारीक होते. वर राहिलेल्या पाठीवर हिमकणांची एकच रेघ धरते. झुडूप ओळखू येत नाही इतकं बदलतं. ऊन लागलं की काही मिनिटांत सुरळ्या सैल होतात, म्हणून हा फोटो पुढे ढकलता येत नाही. उजेड बाजूने घ्या, चौकटीत सात-आठ सुरळ्या येतील इतकंच जवळ जा, आणि मागे सावलीतला अंधार ठेवा.

आता बीच या झाडांचं कुंपण. १६५ मीटर लांबीच्या फुलवाफ्याच्या पाठीशी शंभर वर्षांहून जुनं, सुमारे ८ मीटर उंच असं हे कुंपण उभं आहे. बीचची छाटलेली कुंपणं हिवाळ्यात पानं टाकत नाहीत. ती वाळून तांब्याच्या रंगाची होतात आणि वसंतापर्यंत फांदीला धरून राहतात. फ्रॉस्टसाठी अशी भिंत दुसरीकडे क्वचितच मिळेल. एक पान जवळून पाहा: मधला भाग तपकिरी आणि कोरडा, शिरांवर साखरेसारखी बारीक पूड, आणि कडेवर बाहेरच्या बाजूला उभ्या राहिलेल्या सुया. कड पातळ असते, ती आधी गार पडते आणि दमट हवेत सर्वांत पुढे असते, म्हणून बाष्प तिथे आधी गोठतं. एवढ्यावरून कळतं की फोटो पानाच्या कडेचा काढायचा, पृष्ठाचा नव्हे. दुसरं म्हणजे घाई नाही. सूर्य ६ अंशांवर असताना ८ मीटर उंचीच्या वस्तूची सावली पाऊणशे मीटरपर्यंत जाते, दुपारीही चाळीसच्या वर राहते. कुंपणाच्या सावलीतली बाजू दुपारपर्यंत पांढरी राहते.

जवळून काढताना खरा शत्रू आपलाच श्वास. १०० मिमीच्या मॅक्रोवर (अगदी जवळून काढायच्या लेन्सवर) पूर्ण मोठेपणाला विषय लेन्सच्या तोंडापासून १३-१४ सेंटीमीटरवर येतो, म्हणजे आपल्या तोंडापासून हातभरही नाही. एका उच्छ्वासात सुयांचे थेंब होतात. लांब लेन्सला २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी) लावून मीटरभर लांब राहणं जास्त चांगलं. मॅक्रोच वापरायची असेल तर व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका. स्क्रीन बाहेर वळवा, मान बाजूला ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. मफलर नाकावर घेतल्याने काम होत नाही. वाफ वर जाते आणि आयपीस धुरकटते. फोकस स्टॅकिंग (फोकस थोडा थोडा सरकवत काढलेल्या फ्रेम एकत्र जोडणं) करायचं तर एफ/५.६ किंवा एफ/८ वर दहा-पंधरा फ्रेम पुरतात, आणि त्या मिनिटभरात संपवा, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये हिमकण वेगवेगळे असतात आणि सॉफ्टवेअर कडांना भुतासारख्या दुहेरी रेघा देतं. बाहेर काढायचा ट्रायपॉड आदल्या रात्री गरम खोलीत ठेवला असेल तरी चालतं, पण पाय वाटेवर पसरून ठेवू नका. चालणाऱ्यांची ही बाग आहे. व्यावसायिक कामासाठी आधी परवानगी लागते.

एक्स्पोजर: पांढरं भरपूर असेल तर कॅमेरा ते करडं करतो, +२/३ ते +१ द्या. बीचच्या पानांवर +१/३ पुरे. उलट्या उजेडात मात्र काही वाढवू नका, चमकणारे कण जळतात आणि परत येत नाहीत. स्क्रीनवर विसंबू नका, हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) पाहा. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर ठेवला तर सावलीची निळाई आणि उन्हाचा केशरी रंग दोन्ही फिके होतात. ५२०० ते ५५०० केल्विनच्या मध्ये कायम ठेवा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न झालेल्या फाइलमध्ये) काढा.

बॅटरी थंडीत लवकर मान टाकते. दुसरी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. पहिली संपल्यासारखी वाटली तरी फेकून देऊ नका, अंगाच्या उबेने ती पुन्हा थोडं काम देते. टेरेस कॅफेत शिरण्याआधी कार्ड काढून घ्या आणि कॅमेरा झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा. आत गेल्यावर पाणी पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही. तासभर पिशवी उघडू नका. दमट काचघरांत तर थंड कॅमेरा न्यायचाच नाही. ती उघडी असतील आणि पाहायची असली तर सगळं आटोपल्यावर.

त्रुटी दोन. पहिली म्हणजे बर्फाळ वाटा. रॉक गार्डनच्या दगडी पायऱ्या आणि तळ्याकाठची उतरण फार निसरडी होते, आणि नेमका तिथेच फ्रॉस्ट सर्वांत दाट असतो, कारण थंड हवा जड असते आणि खोलगटात साचते. बुटांवर चढवायच्या रबरी काट्यांचा जोड पिशवीत असू द्या. दुसरी म्हणजे फाटक लवकर बंद होतं, डिसेंबर-जानेवारीत चारच्या सुमाराला. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य पावणेचारच्या आधीच मावळतो. तेव्हा दुपारी दोननंतर तळं सोडा आणि पुन्हा बीचच्या सावलीत या. ऊन एव्हाना गुलाबी झालेलं असतं, कुंपणाचा वरचा हातभर भाग त्यात पेटतो, आणि खालच्या पानांच्या कडेच्या सुया सकाळइतक्याच धारदार असतात.