पक्षीरोधक बारीक जाळी: एका हंगामानंतरचा अभिप्राय
आधीच्या जाळीची छिद्रे मोठी असल्यामुळे तीत एक बुलबुल अडकला होता, आणि त्याच्या पायांभोवतीचे धागे कात्रीने कापताना झालेली कालवाकालव मी विसरू शकलेलो नाही; म्हणून या वेळी ५ मिलिमीटरहून लहान छिद्रांची, पांढरी, विणलेली जाळी घेतली. तिच्या छिद्रातून बोट जात नाही, आणि हीच खरी परीक्षा. फळधारणेनंतर, मधमाश्यांचे काम आटोपल्यावर, पेरूच्या झाडाभोवती सांगाडा उभारून ती ताणून बसवली, कारण फांद्यांवर नुसती टाकलेली जाळी फळांना टेकते आणि पक्षी बाहेरूनच चोच मारतात. हंगामभराच्या उन्हानेही धागा ठिसूळ झालेला नाही. कडा मात्र शिवलेल्या नसल्यामुळे उसवतात. ही उणीव उत्पादकाने दूर करावी. बहुतेक पेरू यंदा झाडावरच पिकले.