स्निपिंग टूल की ग्रीनशॉट? माझं बिनसलं ते चौकटीवरून

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी मी जॅकार्डची, म्हणजे विणतानाच उमटणाऱ्या नक्षीची, डिझाइनं काढतो. मूळ फाइल उघडायचं सॉफ्टवेअर पार्टीकडं, म्हणजे गिऱ्हाइकाकडं, नसतं, त्यामुळं पसंतीला जातो तो स्क्रीनशॉटच. तो काढायला विंडोजच्या स्निपिंग टूलवर बरीच वर्षं काढली, आता ग्रीनशॉट हे वेगळं बसवायचं सॉफ्टवेअर वापरतोय. विंडोजवर दोन्ही फुकट, तेव्हा पैशाचा प्रश्न नाही.

स्निपिंग टूलला नावं ठेवावीत असं काही नाही. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबलं, चौकट ओढली, काम झालं. विंडोज 11 मध्ये ते चित्रातला मजकूरही उचलून देतं. पार्टीनं छापील इंग्रजी ऑर्डरचा फोटो पाठवला की मापं पुन्हा टाइप करायचा त्रास वाचतो. दिवसाला दोन-चार शॉट लागत असतील तर दुसरं काही बसवायच्या भानगडीत पडू नका.

माझी अडचण वेगळी होती. एका टॉवेलच्या सहा शेड दाखवायच्या असतात: मरून, मेंदी, रामा, मोतिया वगैरे. डिझाइन तेच, जागा तीच, फक्त रंग बदलायचा. स्निपिंग टूलमध्ये दर वेळी चौकट नव्यानं ओढावी लागते, आणि हात काही पट्टी लावून चालत नाही. एकदा एका पार्टीनं व्हॉट्सॲपवर सहाही चित्रं भराभर सरकवून पाहिली आणि लगेच फोन केला, "मरूनमध्ये बॉर्डर बारीक का केली हो?" बॉर्डर तीच होती, मीच खालून चार रेघा कमी पकडल्या होत्या. समजावण्यात अर्धा तास गेला, वर सहाच्या सहा शॉट परत काढले ते वेगळंच. अख्ख्या विंडोचा शॉट घेतला तर सगळे सारखे येतात, हे मान्य. पण मग वरच्या टॅबवरची बाकी पार्ट्यांच्या फायलींची नावंही त्यात जातात. आमच्या धंद्यात ते परवडत नाही.

ग्रीनशॉटमध्ये पहिली चौकट प्रिंट स्क्रीन दाबून ओढायची. पुढं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबलं की तीच जागा, तेच माप. शेड बदला, दाबा. मधे झूम तेवढं हलवू नका, कारण चौकट पडद्यावरची जागा धरते, डिझाइन नव्हे. स्निपिंग टूलमध्ये अशी सोय मला तरी सापडली नाही. शिवाय ग्रीनशॉटच्या एडिटरमध्ये क्लिक कराल तसे 1, 2, 3 असे गोल आकडे आपोआप पुढं सरकतात. बॉर्डर, मधला बुट्टा आणि काठ दाखवायला बाण काढत बसावं लागत नाही.

दिसायला मात्र ते जुनाट आहे, एडिटरची बटणंही बारीक. आणि विंडोज 11 मध्ये प्रिंट स्क्रीन दाबलं की स्निपिंग टूलच मधे येतं. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड इथं जाऊन ते बंद करावं लागतं. हे कळेपर्यंत मी ग्रीनशॉट दोनदा काढून परत बसवलं होतं.

शेअरएक्स हे स्क्रीनशॉटचं तिसरं सॉफ्टवेअरही पाहिलं. मागची चौकट त्यातही धरता येते, लांबलचक पान सरकवत एकच शॉटही घेता येतो. पण मेनूंच्या त्या जंगलात मी रमलो नाही. ज्याला असल्या खटपटीची आवड आहे त्याला कदाचित तेच जास्त भावेल.

कशानंही काढा, व्हॉट्सॲपवर पाठवताना पीएनजी फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की बारीक रेघा पुसट होतात आणि पुन्हा बॉर्डरवरून फोन येतो. स्निपिंग टूल मी अजून पूर्ण सोडलेलं नाही, ऑर्डरच्या फोटोतली मापं उचलायला तेच लागतं. शेड पाठवायच्या असल्या की बोट आपोआप शिफ्टवर जातं.