दारव्ह्यातलं डीटीपीचं दुकान: इंग्रजी अर्ज टाइप करायचा असन तर इथंच जा

तहसीलच्या रोडवर झेरॉक्स-डीटीपीवाल्यांची कमी नाही, पण इंग्रजीतला बायोडाटा, राजीनामा, रजेचा अर्ज असन तर कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात जा, दोनच कॉम्प्युटर हायेत पण माणूस वाचून टाइप करते. मी शाळेत इंग्रजी शिकवतो म्हणून माझी नजर पयले अपॉस्ट्रॉफीवरच, म्हणजे अक्षराच्या वरच्या बाजूच्या बारीक टिकलीवरच जाते अन् बहुतेक ठिकाणी तिथंच गडबड असते.

भाच्याचा बायोडाटा होता, बुटीबोरीच्या कंपनीसाठी. त्यानं वहीत 'थ्री इयर्स एक्सपीरियन्स' लिहेल होतं, अपॉस्ट्रॉफी कुठंच नाही. दुकानवाल्या दादानं टाइप करायच्या आधीच पेन्सिलनं एसच्या पुढं वरती बारीक टिकली मारली अन् पोराले समजावून सांगतलं. आपण कसं म्हणतो, तीन वर्षांचा अनुभव, एका महिन्याची नोटीस, दहा दिवसांची रजा, तर कालावधीले असा चा-ची लागून पुढं अनुभव, नोटीस, रजा असं नाव आलं की इंग्रजीत बहुतेक वेळा अपॉस्ट्रॉफी येते. महिना एकच असन तर मंथ, मग अपॉस्ट्रॉफी, मग एस. जास्त असन तर मंथ्स पूर्ण लिहायचं एससकट, मग अपॉस्ट्रॉफी. 'दोन वर्षांपूर्वी' असन तर काहीच नाही. 'टू-वीक कोर्स' मधे हायफन हाय, वीकले एस नाही, तिथं पण नाही. इतकं सरळ सांगणारा माणूस मले दुसऱ्या दुकानात भेटला नाही.

चूक होते काहून, तर बोलताना तिन्ही रूपं, म्हणजे बिना अपॉस्ट्रॉफीचं, एसच्या आधी अपॉस्ट्रॉफीवालं अन् एसच्या नंतर अपॉस्ट्रॉफीवालं, सारखीच ऐकू येतात, मंथ्स ते मंथ्सच, फरक फक्त कागदावर दिसते. स्पेलचेक पण बरेचदा लाल रेघ मारत नाही कारण मंथ्स हा शब्द बराबरच असते. त्यात दिवसभर कृतीदेव या मराठी फॉन्टमधे टाइप करणाऱ्याले एंटरच्या बाजूची अपॉस्ट्रॉफीची की म्हणजे अर्धा श, फॉन्ट बदलायचा राहिला की कागदावर श्‌ छापून येते! म्हणून हा दादा फॉन्ट बदलून अशी ओळ वेगळी तपासते, हे मी डोळ्यानं पाहिलं.

एक कमी सांगतो. वहिनीच्या रजेच्या अर्जात बाळासाठी 'सिक्स मंथ्स ओल्ड' होतं, तिथं पण त्यानं अपॉस्ट्रॉफी लावला. ओल्ड हे नाव नाही, विशेषण हाय, मंथ्स फक्त किती ते सांगते, तिथं नाही लागत. मी सांगतल्यावर वाद न घालता काढला अन् नवीन प्रिंटचे पैसे नाही घेतले. बापा, याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे माणसाले.

इंग्रजी पानाचे 30 रुपये घेते, बाजूच्यापेक्षा जरा महाग हाय पण नोकरीच्या कागदासाठी मी तरी देईन. प्रिंटर जुना हाय, कडेले कधी कधी काळी रेघ येते, बदलून मागा. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ असन तेव्हा जाऊ नका, पाय ठेवाले जागा नसते. अन् पीडीएफसोबत वर्डची फाइल पण व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या, अनुभवाचं वर्ष वाढलं की तेवढंच बदलता येते.