नाण्यांच्या फोटोसाठी घेतलेला मोबाईल स्टँड, सोबत दोन एलईडी दिवे
ब्रिटिश इंडियाचे रुपये जमवत असाल तर बिनधास्त घ्या. मोबाईल वरून सरळ खाली बघतो, हलत नाही, आणि दोन्ही दिव्यांच्या माना वळतात हे सगळ्यात भारी. रिंग लाईटने नाणं सपाट, पांढरंफटक दिसतं, इथे एक दिवा घड्याळात दहा वाजतात त्या बाजूला नि दुसरा दोनच्या बाजूला उंच ठेवला की लस्टर, म्हणजे नाण्याची मूळ चमक, मस्त उठून येतं. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया ठेवला, त्यावरच्या राजाच्या झग्यावरचा तो हत्ती, ज्याची सोंड आखूड म्हणून लोक त्याला डुक्कर म्हणाले नि १९१२ च्या नाण्यात डिझाईन बदलावं लागलं, तो अगदी क्लिअर आला, त्याच्यावरची झीज पण. एक दिवा बंद करून दुसरा खाली आणा, घासून चकचकीत केलेल्या नाण्यावरच्या बारीक रेघा लगेच उघड्या पडतात, मग विकणारा कितीही एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाईन, म्हणजे फार कमी झिजलेलं) म्हणू दे, भाव क्लीन्ड, म्हणजे घासलेल्या, नाण्याचाच करायचा. उजेड थोडा पिवळट आहे, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) स्वतः सेट करा नाहीतर टोनिंग, म्हणजे नाण्यावर काळाने चढलेला रंग, भलतंच दिसतं. वायर आखूड आहे, एक्स्टेंशन लागेलच.